फोन येईपर्यंत

सासरे एकेक पायरी उतरत पाण्यात गेले. पाणी छातीला लागलं तेव्हा थांबले आणि वळून म्हणाले,

“थोरला शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत मी बाहेर येत नाही.”

त्यांचे कपडे मांडीवर घेऊन सून घाटावर बसली होती. गवंडीकामात उभा जन्म गेलेला हा माणूस एकदा ठरवलं की हलत नाही, हे तिला लग्न होऊन आल्या आल्याच कळलं होतं.

देवाधर्माच्या वाटेला मात्र ते कधी गेले नव्हते. “रांग लावून भेटतो तो देव कसला, तो तर साहेब झाला,” म्हणायचे. मग थोरला, म्हणजे तिचा नवरा, कामावर परांचीवरून पडला. त्यानंतर त्याने डोळे उघडलेच नाहीत. काल डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही.

“मग कुणाच्या हातात आहे?” सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी नुसतं वर पाहिलं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईने सांगितलं, या सरोवरात बुडी मारून मागितलेलं मिळतं, आणि पहाटेच म्हातारा चपला घालून दारात उभा. त्यांना एकटं कसं सोडायचं? धाकटा दीर म्हणाला, “तुम्ही जा वहिनी. दादाजवळ आत तसंही कुणाला सोडत नाहीत. मी बसतो बाहेर.”

लोक येत होते, बुडी मारून कुडकुडत वर पळत होते. घाटावरच्या पुजाऱ्याने हाक मारली.

“आजोबा, एक बुडी पुरे होते.”

“माझं काम मोठं आहे,” सासरे म्हणाले.

ऊन वर आलं, पण पाण्यातला गारठा तसाच होता. त्यांचे ओठ काळेनिळे पडले. जोडलेले हात मात्र सुटत नव्हते.

“बाबा, या ना आता. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकुणाकडे बघू?”

“थोडं थांब, पोरी. उठेल तो. लहानपणीही हाका मारून मारून उठवावा लागायचा.”

तेवढ्यात फोन वाजला. दिराचा होता. ती पाठ फिरवून दोन पायऱ्या वर गेली.

“वहिनी,” तो म्हणाला. “दादा गेला.”

ती तशीच उभी राहिली. घाटावर कुणीतरी ओल्या पोराचं डोकं खसाखसा पुसत होतं आणि पोर हसत होतं. तिने उठताना मांडीवरून घसरलेले कपडे उचलले, घडी करून पायरीवर ठेवले. मग नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरली. गारठ्याने श्वास अडकला. सासऱ्यांच्या शेजारी जाऊन तिने त्यांचा दंड धरला.

“तू कशाला आलीस?”

“अशीच.”

“फोन आला?”

तिने मान हलवली. नाही.

सासरे तिच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्याकडे, मग पाण्याखाली तिने मुठीत धरलेल्या फोनकडे. त्यांनी जोडलेले हात हळूहळू सोडले.

“चल,” ते म्हणाले. “गारठशील.”

तिला आधार देत तेच वर आले. वाटेत एकदा त्यांचा पाय चुकला, तेव्हा दोघंही एकमेकांना धरून थांबले. पायरीवरचा आपला कोरडा सदरा उचलून त्यांनी तिच्या खांद्यांवर टाकला.

“तुम्ही घाला, बाबा.”

“राहू दे.”

ते उघड्या अंगाने पायरीवर बसले. चपलेत पाय घालायला त्यांना जमत नव्हतं. तिने वाकून घातले.

“तिथे कोण आहे त्याच्यापाशी?” त्यांनी विचारलं.

“भावजी आहेत.”

“एकटाच?”

“हो.”

“चल लवकर,” ते उठत म्हणाले. “धाकटा घाबरट आहे. असल्या वेळी त्याला एकट्याला ठेवायला नको.”