तार उतरवणार नाही

गाणं संपायच्या आतच दादाने मोबाइल उलटा ठेवला.

"बंद कशाला केलास?" धाकटीने गिटार मांडीवरून खाली न ठेवता विचारलं.

"ऐकवेना म्हणून. हा गिटारवाला बँड सोडून गेला तेव्हा मागे वळून बघितलं नाही पठ्ठ्याने. आणि आता म्हातारपणी आलाय आपल्या गाण्याची वाट लावायला!"

"आपल्या? चाल त्याने बांधलीय."

दादाने ड्रमचा एक घट्टच असलेला स्क्रू आणखी पिळला. त्याच्या मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानामागच्या या खोलीत ही दोघं भावंडं आणि भावजय कित्येक वर्षं एकाच बँडची गाणी वाजवत आली होती. दादा ड्रमवर, वहिनी गायला आणि धाकटी गिटारवर. तो बँड केव्हाच फुटला होता, चाहते मात्र अजून दरवर्षी जमत आणि ही तिघं त्यांना सगळी गाणी जशीच्या तशी ऐकवत.

अगदी चुकीसकट. या गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये फक्त दुसऱ्या कडव्यात वाजणारी गिटारची एक तार सुरातून उतरलेली होती. ती चूकच होती, पण चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं. म्हणून कार्यक्रमात हे गाणं सुरू करण्याआधी धाकटी सगळ्यांना दिसेल अशी खुंटी पिळून ती तार उतरवायची आणि सभागृह शिट्ट्यांनी दणाणून जायचं. आता मोबाइलवर तोच गिटारवाला, एकटा, तेच गाणं नीट लावलेल्या तारेवर वाजवत होता. सुरुवातीला एवढंच म्हणाला होता, "तेव्हा तार लावून मला पुन्हा वाजवू दिलं नाही."

"त्याची चूक, त्याने सुधारली. आपल्या पोटात का दुखावं?" धाकटी म्हणाली.

"लोक जीव टाकतात त्या तारेवर!"

"मला विचाराल तर छान वाजवलंय," वहिनी म्हणाली. "पण मला विचारतंय कोण!"

धाकटी दिवसभर कवळ्या बनवायची. साच्याबरहुकूम दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. संध्याकाळी इथे येऊन गिटारही साच्याबरहुकूम. तिला एकदम या सगळ्याचा वीट आला.

"शनिवारच्या कार्यक्रमात मी तार उतरवणार नाही."

"मग मी ड्रम वाजवणार नाही. आणि या खोलीत पुन्हा पाय ठेवू नकोस." दादाचा आवाज चढला. "बोटं धरून शिकवलंय मी तुला!"

"शिकवलंस ना? मग आता ऐक."

शनिवारी त्या गाण्याची वेळ आली तेव्हा सवयीने तिचा हात खुंटीकडे गेला. शिट्ट्या सुरू झाल्या. तिने हात काढून घेतला.

"ताई, तार राहिली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"राहिली नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "अशीच वाजणार."

कुजबुज वाढली. एकजण खुर्ची सरकवून तरातरा बाहेर गेला. तिने वाजवायला घेतलं, तसं दादाने काड्या ड्रमवर ठेवल्या आणि हाताची घडी घातली. तिची बोटं थांबली नाहीत. वहिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे, आणि सरळ गायला लागली.

दुसरं कडवं आलं. इतकी वर्षं जिथे तार रडायची, तिथे सूर स्वच्छ लागला. धाकटीचे डोळे भरून आले आणि रागही आला, इतकी वर्षं आपण हे का वाजवलं नाही याचा.

मूळ गाण्याच्या शेवटी गिटार थांबते, क्षणभर सगळं शांत होतं आणि ड्रमचा एकच ठोका पडतो. ती थांबली. मागे वळून बघणार नव्हतीच. तिने बुटाची टाच स्टेजच्या फळीवर दाणकन आपटली आणि गाणं संपवलं.

टाळ्या पडल्या, पण थोड्या आणि रुसल्यासारख्या.

माणसं पांगल्यावर ती वायरी गुंडाळत बसली. दादा शेजारी येऊन माइकचा स्टँड सोडवू लागला. तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"पाय उशिरा पडला तुझा."

तिने गिटार पेटीत ठेवली आणि खटके लावले.

"मग पुढच्या वेळी तो ठोका तू वाजव," ती म्हणाली. "तार मात्र अशीच राहणार."