शाईच्या वर्तुळातला तारा

मित्रांनो, मी काच आहे. पण खिडकीतल्या काचेशी माझी तुलना कराल, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तिच्यातून आकाश आरपार निघून जाते. माझ्यावर ते एकदा उतरले आणि राहिले. माझ्या एका बाजूला रसायनाचा पातळ थर आहे. दुर्बिणीच्या पोटात तासभर निश्चल राहून मी त्यावर नऊ हजार तारे टिपले. माझे आकाश पांढरे आणि तारे काळे, मिरीची पूड सांडावी तसे.

मला वाचायला बसे ती वेधशाळेतली गणक, ताऱ्यांची मोजमापे करणारी. आज आमची कपाटे राखणाऱ्या बाईंची ती सख्खी आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. आदल्या वर्षीची काच आणि मी, दोघींना भिंगाखाली शेजारी ठेवून ती ठिपक्यामागून ठिपका ताडून पाही. एका ठिपक्यापाशी ती थबकली. माझ्या चकचकीत पाठीवर तिने शाईने वर्तुळ काढले आणि लिहिले, ‘हा उजळला आहे. पुन्हा पाहावे.’

तेव्हाचे प्रमुख म्हणाले, "बाई, चष्मा पुसा."

झाले! साठ वर्षे मी कपाटात उभी.

मग महासर्वेक्षण आले. डोंगरावरची एक अजस्र दुर्बीण तीन-चार रात्रींत तिथून दिसणारे सगळे आकाश टिपते आणि कुठे काय बदलले ते यंत्रच कळवते. तिला मी हसत नाही. तिची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे. पण वय अवघे सहा! गेल्या महिन्यात तिला एक तारा भडकलेला दिसला. तो पूर्वी कधी भडकला होता का, हे तिला कोणी सांगावे? सर्वेक्षणाचे पत्र आले: साठ वर्षांपूर्वीची या भागाची काच तुमच्याकडेच आहे, तिचे चित्र पाठवा.

भाचीने मला बाहेर काढले आणि वर्तुळावर बोट ठेवले. "अगं आत्या, तोच तारा!"

आताचे प्रमुख आले. या गृहस्थांनी उभ्या जन्मात एकही काच डोळ्याला लावलेली नव्हती.

"शाई खरवडून टाका. स्कॅनरला स्वच्छ काच लागते."

"सर, आधी शाईचा फोटो घेऊ द्या. या शोधाला आत्याचं नाव लागेल. दोनच मिनिटं."

"आत्या, मामा, सगळे नंतर! ब्लेड द्या इकडे."

"अहो सर, आधी तिरपी धरून—"

"मला शिकवू नका हो."

उजेडात तिरपी धरली की चकाकते ती शाईची बाजू, मंद दिसते ती ताऱ्यांची. इथली फरशी पुसणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक आहे. वर्तुळ मात्र दोन्हीकडून दिसते. प्रमुखांनी मंद बाजूवर ब्लेड चालवले.

"फारच चिवट शाई दिसते," म्हणत त्यांनी आणखी जोर लावला. वर्तुळ जागचे हलले नाही. आतला तारा भुकटी होऊन त्यांच्या बाहीवर बसला.

प्रमुखांनी बाही झटकली. "लिहा, काच जीर्ण अवस्थेत आढळली."

"तसं नाही लिहिणार मी."

"मग काय लिहिणार?"

"घडलं ते."

तिने मला नवे पाकीट केले. त्यावर लिहिले: ‘वर्तुळ माझ्या आत्याचे. तारा प्रमुखांनी खरवडला.’ याच दोन ओळी, माझ्या रिकाम्या वर्तुळाच्या फोटोसह, तिने सर्वेक्षणाला पाठवल्या.

मित्रांनो, नव्या डोळ्यांचे कौतुक अवश्य करा. पण जुन्या काचेला हात लावण्याआधी तिला उजेडात तिरपी धरा. तेवढीही सवड नसेल, तर हात खिशात ठेवा.