पट्ट्याच्या वरची रेघ

मुरलीधरांनी वाकवलेली तार झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीच्या तोंडातून आत घातली, बुडापर्यंत नेली आणि टोक आतल्या भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढली. काही लागलं नाही. पुंगळी फिरवून त्यांनी पुन्हा ओढली. तरी काही नाही. त्यांनी ती चांगल्यांच्या वाडग्यात टाकली; खराब निघालेल्यांचा वाडगा शेजारीच होता.

टेबलाच्या पलीकडे त्यांची मुलगी ऋजुता बसली होती. तिच्या उजव्या डोळ्याखाली भाजल्याचा लहानसा डाग होता. फोनवर तिने तो सांगितला नव्हता. डोंगरावर बार काढताना पुंगळी बुडाजवळ तुटली आणि रायफल दुरुस्तीला दिली आहे, एवढंच म्हणाली होती.

ऋजुता वर हायलँड्सच्या डोंगराळ भागातल्या एका इस्टेटीवर हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम करते. रायफल तिची, लायसन तिचं, काडतुसं भरते तीही तीच. पण झाडलेल्यांपैकी कुठली पुंगळी पुन्हा भरायची आणि तिच्यावर कुठली गोळी बसवायची, हे पहिल्यापासून बाबा ठरवत आले. मुरलीधरांचा जन्म तांबटाच्या घरातला. सगळी नोकरी एडिनबराच्या बस गॅरेजात गेली, तरी पितळ हातात आलं की त्यांना बरं वाटायचं. महिन्या-दोन महिन्यांनी लेक पुंगळ्यांची पिशवी घेऊन यायची, जेवायची, राहायची. पुंगळ्या नसत्या तर ती इतक्या वेळा आली असती का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

ऋजुताच्या रायफलीत चालणाऱ्या मॅग्नम काडतुसाच्या पुंगळीला बुडाशी जाड पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या जरा वर पितळ दर वेळी बार काढला की ताणलं जातं आणि आतून झिजतं. झिजलं की बाहेर एक उजळ रेघ उमटते आणि आत तारेला खाच लागते. माणसाने दोन्ही बघायचं असतं.

मुरलीधर बाहेरची रेघ बघत नव्हते, कारण ती उरतच नव्हती. लेकीच्या पुंगळ्या ते चिंचेच्या पाण्यात उकळायचे आणि देवाच्या भांड्यांसारख्या घासायचे. बोटं जशी बधिर होत गेली, तसा हात जास्तच घासू लागला. सगळी पुंगळी उजळ झाल्यावर रेघ कुठून दिसणार?

"घरातली समई काळी पडलीय," ऋजुताची आई वैजयंती ओट्यापाशी भांडी विसळता विसळता म्हणाली. "ह्यांची सगळी चिंच त्या पुंगळ्यांना."

ऋजुता हसली नाही. तिने चांगल्यांच्या वाडग्यातून वरची पुंगळी उचलली, तार घेतली आणि आत घातली. ओढता ओढता तिचा हात थांबला. तिने पुन्हा ओढली. त्याच जागी पुन्हा थांबला.

"बाबा, धिस वन."

"ती बघितलीय मी."

"आत ग्रूव्ह आहे. छोटा आहे, पण आहे."

मुरलीधरांनी पुंगळी तिच्या हातातून घेतली. तार घातली नाही. नुसतीच तळव्यावर ठेवली.

"मला लागत नाही गं," ते म्हणाले. "डायबेटिसचं आहे. डॉक्टरांनी सुई टोचून बघितली, तीही कळली नाही."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"म्हणजे लास्ट टाइमच्या पुंगळ्या..."

"त्याही."

वैजयंतीने नळ बंद केला. ऋजुताने गालाकडे नेलेला हात मध्येच खाली घेतला.

"तुम्ही मला फोन करायला पाहिजे होतं."

"केला असता, तर तू पुंगळ्या आणल्या नसत्यास."

"ऑफ कोर्स नसत्या आणल्या. गॉगल्स नसते तर माझा डोळा गेला असता, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "आय नो, तुम्ही मुद्दाम नाही केलं. पण इट्स तुमचा चूक."

"हो," मुरलीधर म्हणाले. "माझीच."

वैजयंतीने चहा आणून ठेवला. तो कोणी घेतला नाही. ऋजुताने पिशवीतून गोळ्यांची दोन खोकी काढून त्यांच्यापुढे सरकवली. इस्टेटीवर आता शिसं बंद झालं होतं, नुसत्या तांब्याच्या गोळ्या चालणार होत्या. यातली कुठली घेऊ, असं तिने विचारलं.

मुरलीधरांनी दोन्ही खोकी उघडली. शिशाच्या गोळ्या ते एकेक तोलून निवडायचे. या यंत्रातून निघालेल्या, एकीसारखी दुसरी.

"हलकी घे. तांब्याची गोळी मुळातच लांब. जड घेतलीस तर पुंगळीत फार खोल बसेल."

हे ऋजुताला माहीत होतं. तिने मान डोलावली आणि जड गोळ्यांचं खोकं परत पिशवीत टाकलं.

राहिलेल्या पुंगळ्या आपण तपासून घेते, असं ती म्हणू लागली. मुरलीधरांनी नकारार्थी मान हलवली. घासून घासून त्यांनीच सगळ्यांची खूण पुसली होती. तिच्या तारेला एखादी चुकली तर? नव्या विकत घे म्हणाले. नव्यांत निवडायचं काही नसतं.

मग जुन्या पुन्हा कोणाला भरता येऊ नयेत म्हणून दोन्ही वाडगे एकात ओतून ते मागच्या शेडमध्ये गेले. ऋजुता त्यांच्यामागून गेली. शेडमध्ये गार होतं. फडताळावरची हातोडी काढून त्यांनी लोखंडी ठोकळ्यावर पहिली पुंगळी आडवी ठेवली. ती बोटांतून निसटली आणि फरशीवर घरंगळत गेली. ऋजुताने उचलून आणली.

"चिमटा घे तिथला," ते म्हणाले. "तू धर, मी मारतो."

तिने चिमट्याकडे बघितलं नाही. पुंगळीचं बूड दोन बोटांत धरून तिने तोंड ठोकळ्यावर टेकवलं. मुरलीधरांनी हातोडी उचलली आणि तिची पकड पक्की होईपर्यंत तशीच वर धरून ठेवली.

मग मारली. पुंगळीचं तोंड मिटलं. ऋजुताने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.