डाव्या पायाची शिवण

आई लोकांचे कपडे शिवायची. गिऱ्हाइकाच्या अंगातली खोट बोलून दाखवायची नाही, कापडात सावरून घ्यायची, हा तिचा धंद्यातला नियम. एखादीचा खांदा उतरता असला, तर त्या बाजूला ती मुकाट्याने अस्तर वाढवायची.

हा नियम तिने एकदाच मोडला. अकरा महिन्यांपूर्वी माझ्या मुलीच्या पँटचं माप घेताना म्हणाली, "अगं, हिचा डावा गुडघा उजव्याहून अर्धा इंच जास्त भरतोय."

"आई, दवाखान्यात मी काम करते की तू?"

दवाखान्यात मी पत्रं टाइप करते, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायच्या पेशंटांची. आईने माप वहीत लिहून घेतलं. मुलगी सकाळी लंगडायची आणि दुपारी उड्या मारायची. दुखतं असं कधी म्हणाली नाही. "शाळेची वेळ झाली की आमच्या बाईसाहेब लंगडी घालायला लागतात," असं मी हसून सगळ्यांना सांगत असे.

आईला जाऊन महिना झाला. परवा दुकानातून आणलेली पँट मुलीच्या डाव्या गुडघ्यावर अडली.

"घट्ट होते गं. आजीच्या बसतात."

आजीने शिवलेल्या पँटी मी उलट्या करून पाहिल्या. प्रत्येकीची डावी शिवण उसवून पुन्हा घातलेली. एकीची तर तीनदा. मी तिचं तोंड बंद केल्यावर आईने नातीलाही गिऱ्हाइकासारखंच सांभाळून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी गुडघा चाचपला. हाताला गरम लागला.

"दुखत नाही म्हणते, कारण मुलं सवय करून घेतात. पण सूज आणि सकाळचं आखडणं इतके दिवस राहिलं, तर आपण वाट बघायची नसते. मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवू. डोळेही तपासायला हवेत, ते आतून सुजले तरी कळत नाही. केव्हापासून आहे ते नीट लिही, त्यावरून ते वेळ देतील."

मी टाइप केलं, 'एक महिना.' मुलगी शेजारी स्टुलावर पाय लांब करून बसली होती. डावा पूर्ण सरळ होत नव्हता.

मी ते खोडलं. 'अकरा महिने. प्रथम आजीच्या लक्षात आले. मुलीच्या आईने दुर्लक्ष केले.'

डॉक्टरांनी वाचलं. "शेवटचं वाक्य लागत नाही गं."

"राहू द्या."

सही करून त्यांनी फोन उचलला. अकरा महिने म्हटल्यावर तिकडून उद्याचीच वेळ मिळाली.