वळणावर झुकणारी गाडी

"ताई, पिकअप वळणावर झुकू नये म्हणून जाड स्टॅबिलायझर बार टाकलाय. पण दिरावर लक्ष ठेवा, त्याचा डोळा आहे यावर." मेहबूब मिस्त्रींचं हे बोलणं प्रियदर्शनीने हसण्यावारी नेलं होतं. दिराने, बद्रीनाथने, तो बार गुपचूप आपल्या पिकअपला लावला आणि स्वतःचा बारीक बार तिच्या गाडीला. धायरीच्या वळणावर गाडी एवढी झुकली, की तिच्या मांडीवरच्या लेकीचं, सृष्टीचं कपाळ दारावर आपटून फुटलं.

"वहिनी, पोर सांभाळता येईना, आणि दोष गाडीला?" दीर म्हणाला.

तो जेवून घोरत पडल्यावर तिने मिस्त्रींकडून बार पुन्हा बदलून घेतले. भोगू दे!

आज तो कपाटं लादून कात्रज घाटात गेलाय. दुपारपर्यंत तिला बरं वाटत होतं. आता तो फोन उचलत नाही. प्रियदर्शनी घाटाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतेय, तुम्ही तिकडे निघालाच आहात, तर बद्रीनाथ नीट आहे ना, तेवढं बघाल?