मांडीवर बसून आलेली कढई

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगावर जाऊ नका. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. वयाने तुमच्या आईबाबांएवढी, पण खाल्ल्या तेलाला जागणारी.

लोहाराच्या घणाखाली माझा जन्म झाला आणि रस्त्याकडेच्या एका खानावळीत मी कामाला लागले. तिथे एकदा एक जोडपं बसमधून उतरलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, बायको शिवणकाम करणारी. लसणात परतलेले बटाटे तिने खाल्ले आणि हटूनच बसली, ही कढईच मला विकत द्या.

"बाई, चव कढईत नसते हो," खानावळवाला हसला.

"घरी जाऊन बघते की," ती म्हणाली.

झालं! तिच्या मांडीवर बसून मी घरी आले. वाटेत नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला माझी काजळी लागली, ती कायमचीच. बटाटे मात्र काही तसे झाले नाहीत.

पण तेव्हापासून या घराला एक खोड लागली. सुट्टीत गावोगाव हिंडायचं, पोटभर खायचं, पण कृती कोणाला विचारायची नाही. चव जिभेवर घेऊन यायची आणि घरी माझ्यात उतरवायची. ज्याने जास्त तारीफ केली, त्यानेच आधी करून बघायचं. पुढे लेक झाली, तीही यात सामील झाली. बाबांचं तोंड तारिफेला सढळ, म्हणून फजितीही त्यांचीच जास्त. त्यांनी तळलेला एक मासा पाहून लेक म्हणाली, "बाबा, हा मासा आहे की घड्याळाचा पट्टा?" हसत हसत तिघांनी तोही फस्त केला. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लेक नोकरीसाठी दूर गेली आणि आईचे गुडघे दुखू लागले. प्रवास बंद झाला. "कुठे जाणंच नाही, तर नवीन काय करायचं?" असं म्हणत आई उकडलेल्या भाज्यांवर भागवू लागली. मी माळ्यावर गेले. लोखंड कामाने झिजत नाही, मित्रांनो, ते बसून गंजतं. मी गंजले. खाली आईचं जेवण निम्म्यावर आलं आणि बाबांनाही घास गोड लागेना. मला फार वाईट वाटायचं.

एका सुट्टीत लेक कुठल्याशा डोंगरगावाहून थेट घरी आली. तिने मला खाली काढलं, खसाखसा घासलं, तेल लावून तापवलं आणि भोपळा परतला. चाखून तोंड वाकडं केलं.

"नाही जमला."

"तिथला कसा होता?" आईने खुर्चीतूनच विचारलं.

"आधी आंबट, मग गोड. आणि शेवटी घशात नुसती ऊब."

"मग मिरची कशाला घातलीस? मिरी असणार ती, तीही उतरवताना घातलेली. सर बाजूला."

आई उठली. बाबा हातातलं घड्याळ तसंच ठेवून बघत राहिले. नवा भोपळा चिरला गेला, माझ्यात चरचरला. लेकीने घास घेतला आणि डोळे मिटले.

"हाच. आई, पण तू तर तिथे कधी गेलीच नाहीस."

"आत्ताच जाऊन आले की," आई म्हणाली आणि तिने स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेव्हा मित्रांनो, लोखंडाचं भांडं धुतलं की कोरडं पुसा, त्याला तेलाचं बोट लावा. आणि प्रवासाहून येताना घरी राहिलेल्या माणसासाठी एखादी चव जिभेवर घेऊन या. करताना ती चुकली तरी चालेल. चुकलेलं नीट करायला माणूस खुर्चीतून उठतो.