शाईचे कान

चष्म्याच्या दुकानाला भर दुपारी कुलूप लावून तो घरी आला, तेव्हा बायको कुत्रीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. कुत्री सारखी मान झटकत होती. झटकली की लांब कान दोन्ही गालांवर फटाफट आपटायचे आणि मग ती बारीक कण्हायची.

"अंगावरचे काय कापायचे ते कापू द्या," बायको म्हणाली. "पण कानांना कात्री लागता कामा नये. कात्रीबाईंना बजावून सांगा."

"सांगतो."

"नुसतं सांगून भागायचं नाही. समोर उभं राहायचं. तिथं गेलात की कोपऱ्यात बसून पेपरात तोंड खुपसता तुम्ही."

"नाही खुपसत."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ," तो म्हणाला, आणि मनातून चरकला. बायकोला दिलेला शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. त्यात मोठेपणा काही नव्हता. मोडायला जी छाती लागते ती त्याच्याकडे नव्हती, इतकंच.

कुत्री पूडल जातीची. नाव शाई. नाव लेकीने ठेवलेलं. घरात आली तेव्हा ती खरोखरच दौत लवंडल्यासारखी काळीकुट्ट होती. अंधारात पायात आली की ठेच लागल्यावरच कळायचं. आता तीच शाई चांदीच्या जुन्या भांड्यासारखी दिसत होती. गल्लीत तिची थट्टा चुकत नसे. "आम्ही दुधात पाणी घालतो म्हणून बोंब मारता," दूधवाला म्हणायचा, "आणि तुम्ही शाईत घालता ते?" तोंड-पंजे फिके पडायला लागले तेव्हापासूनची ही थट्टा; लेक होती तोवर ती यावर खो खो हसायची.

लेक गेल्या वर्षी गेली. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. आजार आला तो पाहुण्यासारखा टेकला नाहीच, आला तसा तिला घेऊनच गेला. त्यानंतरच्या महिन्यांत शाईचा रंग उतरायला लागला. तोंड आणि पंजे आधीच फिके झाले होते, मग पाठ, मग पोट. बघणारे हळहळले. "मुक्या जिवानं मनाला लावून घेतलं हो," शेजारीण म्हणाली, आणि ते वाक्य बायकोने पदरात गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं. नातेवाईक हळूहळू लेकीचं नाव टाळायला लागले होते. नवरा तर मुळातच घुम्या. घरात आपल्यासारखं झुरणारं कुणीतरी आहे, याचा तिला आधार वाटला. आपली पांढरी बट शाईच्या पाठीवर टेकवून ती म्हणायची, "बघा. दोघी एकदमच पिकलो."

तो 'हं' म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

पिल्लू आणायला तो आणि लेक, असे दोघेच गेले होते. "घरात कुत्रं येणार असेल तर मी माहेरी," असं जाहीर करून बायको घरीच बसली होती. (माहेरी ती गेली नाही, आठ दिवसांत पिल्लू तिच्याच उशाशी झोपायला लागलं.) पिल्लं पाळणाऱ्या बाईने शाईला उचलून तिचं नुकतंच भादरलेलं तोंड त्यांच्यापुढे धरलं होतं. काळ्या केसांच्या मुळाशी, पेन्सिल घासल्यासारखी राखाडी झाक होती. "ही काळी राहायची नाही हं," बाई म्हणाली होती. "जन्मतः काळी, पण दोनेक वर्षांत चांदीसारखी होईल. पक्का काळा रंग हवा असेल तर ते शेजारचं घ्या."

"हीच," लेक म्हणाली होती. इतक्या जोरात, की शेजारचं पिल्लू दचकलं.

तिला या कुत्र्यांच्या रंगांचं वेडच होतं. तिच्या टेबलावरच्या भिंतीवर चित्रं लावलेली असत. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेला. वाघासारखे पट्टे असलेला. काळ्या चेहऱ्यावर दोन डोळ्यांवर दोन पिवळसर ठिपके असलेला. त्याला ती 'भुवईवाला' म्हणायची. "बाबा, बघा ना, कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. तुमच्या दुकानात बिल बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा."

हे सगळं बायकोला सांगायचं राहून गेलं होतं. आधी प्रसंग आला नाही म्हणून, आणि नंतर धीर झाला नाही म्हणून.

आता काळे उरले होते ते फक्त कान, तेही खालची टोकं. या जातीचे केस गळत नाहीत, वाढत राहतात. तेव्हा टोकाचे केस सगळ्यात जुने. "हे तिच्या हाताखालचे आहेत," बायको म्हणायची. लेकीने ज्या केसांवरून हात फिरवला, ते एवढेच. त्यातला एकही तुटू नये म्हणून तिने कानांना फणी लावणं बंद केलं होतं. तान्ह्या मुलांचे केस विंचरायचा मऊ ब्रश आणला होता, आणि रोज संध्याकाळी ती त्याने कान वरच्यावर, फुलावरची धूळ झटकावी तसे विंचरायची. दिसायला ते रेशमासारखे दिसत.

कात्रीबाईंचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान दोन रस्ते सोडून होतं. हे नावही लेकीनेच ठेवलेलं, आणि बाईंनी ते आनंदाने पाटीवर रंगवून घेतलं होतं. बाकावर एक बाई आपला कुत्रा घेऊन बसल्या होत्या. पांढरा, त्यावर मोठे तपकिरी डाग.

"बघू नका असं," त्या हसून म्हणाल्या. "परवा एका शहाण्यानं विचारलं, वासराला पट्टा का बांधलाय?"

त्याला हसू आलं, आणि अर्ध्यावरच विरलं. लेक असती तर एव्हाना गुडघ्यांवर बसून त्या कुत्र्याचे डाग मोजत असती.

तो कोपऱ्यात बसला नाही. शब्द दिल्याप्रमाणे टेबलाशी उभा राहिला. "कान सोडून," तो म्हणाला.

"घरून हुकूम आहे वाटतं." कात्रीबाईंनी शाईला टेबलावर घेतलं, कानाखाली दोन बोटं घातली आणि त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काका, इकडे या. हात लावा इथं."

त्याने हात लावला. वर रेशीम होतं. खाली, कातडीलगत, बुटातल्या तळव्यासारखा एक कडक थर लागला.

"वरवर विंचरलंय," बाई म्हणाल्या. "मुळापर्यंत काही गेलंच नाही. खालचे केस एकमेकांत गुंतून त्याचा घोंगडीसारखा नमदा झालाय. आत वारा नाही, ओल साचलीय, कातडी सोलवटलीय. मान काय उगाच झटकते का ती?"

"फणीनं सुटेल?"

"सुटलं असतं तर तुम्हाला हाक मारली असती का? मशीन मुळाशी घालून अख्खा थर काढावा लागेल."

"टोकं तेवढी ठेवून..."

"टोकं कशाला धरून राहतील, काका?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मला माहीत आहे सगळं. पिल्लाला घेऊन तीच यायची ना इथं. म्हणून तर विचारतेय. नाहीतर एव्हाना काढून मोकळी झाले असते."

त्याने खिशातून फोन काढला. बायकोचा नंबर समोर आणला. ती नाही म्हणेल, आणि ती नाही म्हणाली की आपण कुत्रीला उचलून तशीच घरी नेऊ, हे त्याला आपल्या स्वभावावरून ठाऊक होतं. शाईने मान झटकली, कण्हली आणि तोंड त्याच्या तळहातात खुपसलं. त्याने फोन परत खिशात टाकला.

"काढा," तो म्हणाला.

नजर मात्र त्याने हलवली नाही. निदान अर्धी शपथ त्याने पाळली. मशीन घुं घुं करत मुळाशी सरकत गेलं आणि थर मोजा उतरवावा तसा अखंड उतरला. खाली कान उरला तो लाल, उघडा, एवढासा. मग दुसरा. मान झटकताना हलक्या झालेल्या कानांना हिसका बसून कडा फुटू नयेत म्हणून बाईंनी डोक्याभोवती मऊ फडकं बांधलं.

"अगं बाई, दाढ दुखणारी म्हातारीच जणू!" डागवाल्या कुत्र्याची मालकीण म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून आपल्या कुत्र्याचा पट्टा सावरायला लागली.

कात्रीबाईंनी न सांगता दोन्ही थर कागदी पिशवीत घालून दिले.

बायको दारातच होती. तिने फडकं बघितलं, पिशवी बघितली. तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझी शपथ घेतली होती तुम्ही."

"अगं, आतून सगळं सोलवटलं होतं. मुळाशी गुंता..."

"मुळाशी?"

"फणी पोचली नाही ना तिथं."

ती हळूच खाली बसली. "म्हणजे मीच केलं."

"तसं नाही गं."

"मीच. फणी लावली असती तर राहिले असते. जपायला गेले आणि..."

हे त्याला बघवेना. तिला द्यायला त्याच्यापाशी एकच गोष्ट होती, इतके दिवस दडवलेली; ती त्याने घाईघाईने पुढे केली. पिल्लं पाळणारी बाई काय म्हणाली होती ते सांगितलं. लेक 'हीच' कशी म्हणाली ते सांगितलं. "अगं, तिला चांदीचीच हवी होती. दर आठवड्याला कानाचे केस बाजूला करून बघायची आणि मला म्हणायची, बाबा, अजून नाही झाली. आज बघितली असती तर नाचली असती ती."

बायकोने शाईकडे बघितलं.

"म्हणजे ही अशी होणारच होती."

"हो ना."

"ती असती तरी."

"हो."

"म्हणजे हिनं मनाला लावून वगैरे काही घेतलं नव्हतं."

आपण काय दिलं आणि त्याबरोबर काय काढून घेतलं, ते त्याला तेव्हा कळलं. "तसं कसं म्हणता येईल..." तो चाचरला.

"मी एकटीच होते," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती नोंद होती.

मी होतो ना, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण वर्षभर तो पेपराच्या आड होता, आणि आडून कुणी रडलं तर ते पलीकडच्याला दिसत नाही.

थोड्या वेळाने तिने पिशवी उचलली, खिडकीपाशी उजेडात नेली आणि एक थर मांडीवर पसरून सुईने काळे केस वेगळे करायला लागली. काळं आणि चांदीचं असं काही एकमेकांत शिरलं होतं की सुई जागोजाग अडत होती. तो आत गेला, चष्म्याचे बारीक स्क्रू बसवताना डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसला.

खूप खटपटीनंतर एक केस अखंड सुटला. तिने तो चिमटीत धरून त्याच्यापुढे केला.

"टोक काळं आहे," तो भिंगातून बघत म्हणाला. "मूळ चांदीचं."

"मग मध्ये कुठंतरी बदललं असेल ना? तिथवर ती होती. तिथून पुढे नाही." तिने केस ताठ धरला. "कुठं आहे ते? तुम्हाला दिसेल."

त्याने केसावरून नजर टोकापासून मुळापर्यंत नेली. काळा करडा होत होता, करडा राखाडी, राखाडी चांदीचा. कुठेही जोड नव्हता, कुठेही रेघ नव्हती. खाली शाईने फडकं बांधलेलं डोकं बायकोच्या पावलावर टेकलं होतं आणि ती मान न झटकता गाढ झोपली होती.

"दिसत नाही गं," तो म्हणाला. "हळूहळू होत गेलंय."

"नीट बघा."

त्याने डोळे पुसले, भिंग पुसलं, आणि काळ्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली.